गुरुवारची बादली

"मी केळीवाल्यांची पोर आहे," असं यशश्रीने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, आणि पुढे जे काही झालं ते त्या एका वाक्यामुळे झालं.

सांगायची तशी गरज नव्हती. सुशांतची बँकेने जळगावहून जबलपूरला बदली केली, मुलगी दुर्वा अकरावीला नाशिकच्या वसतिगृहात राहिली, आणि नवरा-बायको तिथल्या रांझी भागात घाट्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आले. खाली इंदूकाकू घाटे एकट्या राहत. घाटे पाच पिढ्यांचे जबलपूरकर. काकूंचे यजमान फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि सहा वर्षांपूर्वी वारले. मुलगा बेंगळुरूला. काकू घरात मराठीच बोलत, पण त्यांची मराठी इकडे-तिकडे न बघता रस्ता ओलांडणाऱ्या माणसासारखी होती. मध्येच सरळ हिंदीत शिरे आणि काही न झाल्यासारखी पलीकडून बाहेर येई.

सामान लावून झाल्यावर यशश्री खाली उतरली, तेव्हा काकू अंगणातल्या केळीपुढे उभ्या होत्या.

"जानेवारीत लावलं नं हे," काकू म्हणाल्या. "मोठं होतं ते गेलं, त्याचंच पिल्लू. पण वाढूनच नाही राहिलं बघ. काहून की काय."

केळ कमरेएवढी होती, पानं पिवळट. बुंध्याभोवती विटांचा गोल ओटा, वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवलेले. ओटा इतका आवळून बांधलेला, की केळीने तंग गळ्याचा सदरा घातलाय असं वाटावं.

"काकू, तुम्ही काळजी सोडा," यशश्री म्हणाली. "आमची रावेरला पंधरा हजार झाडं आहेत. मी केळीवाल्यांची पोर आहे."

"अरे वा! मग तर प्रश्नच मिटला," काकू म्हणाल्या, आणि संध्याकाळी जिऱ्याची पूड घातलेला ताकाचा पेला वर आला. तेव्हापासून तो रोज येऊ लागला.

आता खरं सांगायचं तर यशश्रीला केळीतलं काय येत होतं? केळीचा चीक कपड्याला लागला की मरेपर्यंत निघत नाही, हे येत होतं. मजुरांच्या भाकऱ्या घेऊन बांधावरून कसं चालायचं, हे येत होतं. बागेत शिरल्यावरचा तो ओला, गार अंधार तिला डोळे मिटूनही ओळखता आला असता. पण खत किती, कधी, कुठे, हे आबांनी तिला कधी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. ते धाकट्या भावाच्या, प्रसन्नच्या वाट्याचं ज्ञान होतं. दोन वर्षांपूर्वी बागही त्याच्याच वाट्याला गेली. हक्कसोडपत्रावर सही करायला ती माहेरी गेली, तेव्हा साडी मिळाली, पुरणपोळी मिळाली. जेवताना ती ठिबकच्या नळ्यांबद्दल सहज काहीतरी बोलली, तर प्रसन्न हसून म्हणाला, "ताई, बागेतलं तुला काय कळतं? तू पोळी घे."

मायेनेच म्हणाला होता. म्हणूनच ते जास्त रुतलं. रागाने बोललेलं माणूस भांडून टाकून देऊ शकतो. मायेने बोललेलं घेऊन फिरावं लागतं.

त्या गल्लीत केळ एवढी एकच होती. बाकी सगळ्यांनी अंगणं फरशीची करून गाड्यांना दिली होती. त्यामुळे दर गुरुवारी सकाळी सात ते नऊ काकूंच्या फाटकाची कडी वाजत राही. पिवळ्या साड्या, हातात लोटे, ताटलीत हळद, भिजवलेली चणाडाळ आणि गुळाचा खडा. बुंध्यावर हळदीचं पाणी घालायचं, डाळ-गूळ बुडाशी ठेवायचा, दिवा लावायचा, गुरुवारच्या व्रताची कथा वाचायची. "आमच्यात नव्हतं हे," काकू सांगत, "पण पाच पिढ्या राहिलो इथे, आता देव काय आधारकार्ड बघतो?" आणि स्वतःही पिवळं नेसून सगळ्यांसाठी चहा टाकत.

या बायकांत समोरच्या घरातली मोनाली दुबे सगळ्यात नेमाची. वय एकोणतीस, शिक्षक भरतीची परीक्षा दोनदा हुकलेली. तिसऱ्यांदा देणार होती आणि त्यासाठी तिने सोळा गुरुवार धरले होते. "दीदी, मेरा तो अब सब इसी पे टिका है," ती केळीकडे बोट दाखवून यशश्रीला म्हणाली. "आप केलेवाली हो, इसको ज़रा सँभाल दो."

श्रावणातल्या एका बुधवारी यशश्री स्कूटर घेऊन घमापुरला गेली. बियाण्यांच्या दुकानातून एक किलो युरिया आणि एक किलो डीएपी घेऊन आली. दुकानदाराने विचारलं, "कितना लगाया है, दीदी?" एकच झाड म्हणायला तिला लाज वाटली. "घर का है," ती म्हणाली.

संध्याकाळी ओट्याच्या आत, बुंध्याला अगदी लागून, तिने चार मुठी खत दाबलं. गडी असंच दाबतात असं तिला आठवत होतं. गडी वाकलेले तिने लांबून पाहिले होते. मुठीत किती असतं आणि हात नेमका कुठे टेकतो, हे बांधावरून दिसत नाही. वर माती सारून ती उठली आणि दारात उभ्या असलेल्या काकूंना म्हणाली, "आता बघाच काकू तुम्ही."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. चौदा बायकांनी चौदा लोटे पाणी त्याच ओट्यात ओतलं.

रविवारी सकाळी पानांच्या कडा तव्यावर विसरलेल्या पापडासारख्या तपकिरी झाल्या होत्या. सोमवारी खालची दोन पानं देठाशी मोडून लोंबली. आणि मधोमध जी नव्या पानाची सुरळी असते, जिला केळीवाले पोंगा म्हणतात, ती जिथल्या तिथे थांबली. पोंगा थांबला की केळ थांबली, एवढं मात्र यशश्रीला नक्की माहीत होतं.

काकू येऊन बघून गेल्या. त्या संध्याकाळी ताकाचा पेला वर आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही.

"भांडलात का?" सुशांतने विचारलं.

"भांडल्या असत्या तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

गुरुवारी बायका आल्या आणि फाटकातच थबकल्या. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. कोपऱ्यावरच्या शुक्ला अम्मा, वय पंच्याहत्तर, गल्लीतल्या कुठल्याही गोष्टीवर शेवटचा शब्द त्यांचा. त्या केळीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "नज़र लगी है. पक्की नज़र."

सगळ्यांनी माना डोलावल्या. यशश्री जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. खत कुणी टाकलं हे दोघींनाच माहीत होतं, तिला आणि काकूंना. आणि काकू चहाच्या कपांकडे बघत गप्प होत्या. भाडेकरणीची अब्रू त्यांनी झाकून धरली होती. यशश्रीने तोंड मिटून घेतलं असतं तर दृष्ट काढली गेली असती, मिरच्या जळल्या असत्या आणि ती सुटली असती.

तेवढ्यात मोनालीने लोटा खाली ठेवला. "आज मेरा नौवाँ था," ती म्हणाली. "बीच में ही सूख गया तो... मतलब साफ है ना, अम्मा?" आणि ती चक्क रडायला लागली.

"नज़र-वज़र कुछ नहीं है," यशश्रीच्या तोंडून निघून गेलं. "मैंने खाद डाली थी. ज़्यादा डाली. जल गया उससे."

शुक्ला अम्मांनी चष्मा नाकावर सरकवला आणि तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम तो केलेवालों के घर की हो न?"

यशश्रीने मान हलवली.

"हूँ," अम्मा म्हणाल्या. बस, एवढंच. पण त्या 'हूँ'मध्ये रावेरची पंधरा हजार झाडं आडवी झाली.

बायका गेल्यावर ती वर आली आणि फोन हातात घेऊन पंधरा मिनिटं नुसती बसली. मग म्हणाली, गेली लाज खड्ड्यात, आणि प्रसन्नला लावला.

"किती टाकलं?" त्याने विचारलं.

"चार मुठी."

"सगळ्या झाडांना मिळून?"

"एकच झाड आहे."

पलीकडे प्रसन्न इतका हसला, की मागे ट्रॅक्टर चालू होता त्याचाही आवाज ऐकू येईना. "ताई, अगं एवढं आपण तीन महिन्यांत मिळून देतो एका झाडाला. तेही थेंबाथेंबानं! बाळंतिणीला एकाच दिवशी महिन्याचे लाडू चारशील का?"

"हसून झालं की सांग."

"बरं. टाकलं कुठं?"

"बुडाशी."

"बुडाशी तिचं तोंड असतं का? खाणारी मुळं लांब असतात, ताई. हात-दीड हातावर. केळ दुरून जेवते. बुंध्यापाशी टाकलं की नुसतं पोळतं." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "पोंगा पिवळा पडलाय का?"

"नाही. हिरवा आहे. पण हलत नाही."

"मग जगेल. वरची चार बोटं माती खरवडून काढून टाक. तीन दिवस भरपूर पाणी दे, धुऊन जाऊ दे सगळं. मग पंधरा दिवस काही म्हणजे काही घालू नको. पोंगा हलला की जीवामृत दे थोडं थोडं. दुकानातलं काही नको."

"त्यात काय काय घालतात?"

"शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचं पीठ, मूठभर चांगली माती. पाण्यात कालवून सावलीत ठेवायचं, दोन वेळा ढवळायचं."

यशश्री गॅलरीत उभी होती. खाली ओट्यात सकाळची डाळ आणि गूळ पडला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या, आणि गेल्या गुरुवारची डाळ आंबून त्याखाली दबली होती.

"परत सांग," ती म्हणाली.

"शेण, गोमूत्र—"

"पुढचं."

"गूळ आणि डाळीचं पीठ. काहून, तिकडं मिळत नाही का?" तो तिच्याकडून ऐकलेल्या काकूंच्या सुराची नक्कल करत म्हणाला.

"मिळतं," ती म्हणाली. "दर गुरुवारी चौदा घरांतून मिळतं. आणि प्रसन्न, तो ओटा आहे ना बुंध्याभोवती, विटांचा..."

"फोड."

"देवाचा आहे तो."

"मग देव उपाशी मरेल," प्रसन्न म्हणाला, आणि ट्रॅक्टरकडे गेला.

ओटा फोडायचा म्हणजे काकूंना विचारायला हवं. तीन दिवस मिटलेल्या दारावर टकटक करून यशश्री आत गेली, तेव्हा काकू परातीत तांदूळ निवडत होत्या. तिने सगळं सांगितलं, फोनसकट, हसण्यासकट. काकूंचा हात तांदळातच राहिला.

"ओटा फोडायचा? अगं, यांनी बांधला तो. फॅक्टरीतून येऊन येऊन, रोज चार विटा."

"विटा जपून काढू काकू. त्याच परत लावू, फक्त लांब. दीड हातावर. म्हणजे मुळांना जागा होईल, बायकांनाही बसता येईल. आता त्या चिखलात उकिडव्या बसतात. शुक्ला अम्मांना उठवायला दोघी लागतात."

"तिला उठवायला चार लागतात," काकू म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. मग तांदळाकडे बघतच म्हणाल्या, "तुला एक सांगू? मला केळीची नाही पडली गं एवढी. ओटा मोडला म्हणून बायका रुसल्या, की तिकडे मंदिरात जातील. शुक्रवार ते बुधवार माझ्या दारात दूधवाल्याशिवाय कोण येतं, सांग? गुरुवारी चौदा कप लागतात. चौदा."

इतके दिवस तिला वाटत होतं, की इथे फक्त आपलीच लाज पणाला लागली आहे.

"आणि काकू, केळच गेली तर?" तिने हळूच विचारलं.

काकूंनी परात बाजूला सारली. "छन्नी-हातोडी मागच्या खोलीत आहे, यांच्या पेटीत. पण फरशा मी काढेन. तू नको. तुझा हात जड आहे, पाहिलंय मी."

दुपारभर दोघी अंगणात बसल्या. काकूंनी एकेक फरशी उचकटून, पदराने पुसून रचून ठेवली. यशश्रीने वरची माती खरवडून टोपल्यांनी बाहेर टाकली. तिच्यात पांढरे दाणे अजून चकाकत होते. मग बुंध्याला सुतळी बांधून, दीड हातावर काडी धरून तिने गोल फेरी मारली आणि त्या रेघेवर वीतभर रुंद, चार बोटं खोल चर खणला. विटा चराच्या बाहेरून लागल्या आणि फरशांच्या पाटासारख्या आठ-दहा बैठका झाल्या. तीन दिवस नळी लावून पाणी सोडलं.

पुढचा गुरुवार आला. बायका फाटकातून आत आल्या आणि पुन्हा थबकल्या. हे आता रोजचंच झालं होतं.

"जल कहाँ चढ़ाएँगे?" एकीने विचारलं.

"यहाँ," यशश्रीने चराकडे बोट दाखवलं. सकाळीच तिने त्यात हळदीची गोल रेघ ओढून ठेवली होती.

"जल जड़ में चढ़ता है, बहू," शुक्ला अम्मा म्हणाल्या. "नाली में नहीं."

"जड़ यहीं है, अम्मा."

"हमको सिखाओगी?"

यशश्रीने खुरपं घेतलं आणि चराच्या कडेची माती अलगद बाजूला केली. बोटाएवढ्या जाडीची पांढरी मुळं, आणि त्यांच्या टोकांना केसांसारखे तंतू. बुंध्यापासून पुरती हातभर लांब. "देखिए. मुँह यहाँ है इसका. हम लोग इतने दिन सर पर डाल रहे थे."

अम्मांनी चष्मा लावला. वाकायला दोघींनी धरलं. बराच वेळ त्या बघत राहिल्या, मग स्वतःचा लोटा घेऊन चराच्या कडेकडेने पाणी सोडत चालायला लागल्या. एक फेरी झाली. "परिक्रमा भी हो गई, जल भी चढ़ गया," त्या कुणालाच न उद्देशून म्हणाल्या. त्यांच्यामागे बाकीच्या तेरा निघाल्या.

पण खरी अडचण बादलीची होती. झाकणाची निळी वीस लिटरची बादली यशश्रीने पायरीशी ठेवली आणि डाळ-गूळ त्यात टाकायला सांगितलं, तशी कुजबुज सुरू झाली. भोग? बादलीत?

"नीचे डालो तो चींटी खाती है," यशश्री म्हणाली. "इसमें डालो तो पंद्रह दिन बाद ये खुद खाएगा." तिने केळीकडे हात केला. तिची हिंदी अजून जळगावचीच होती, पण मुद्दा पोचला. तरी कुणी पुढे होईना. शेवटी मोनाली आली. दहाव्या गुरुवारची डाळ तिने दोन्ही हातांनी बादलीत सोडली, गुळाचा खडा सोडला आणि बादलीला नमस्कार केला. मग काय, रांगच लागली.

शेण-गोमूत्राचं काकूंनी दूधवाल्यावर सोपवलं. तो पहिल्या दिवशी गोमूत्र दुधाच्याच कॅनमधून घेऊन आला, तेव्हा काकूंचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "भैया, डब्बा अलग लाओ! कल से इसी में दूध लाओगे क्या?" भिजलेली डाळ काकूंनी आपल्या जुन्या मिक्सरमधून काढली. काकांच्या काठीने बादली सकाळ-संध्याकाळ ढवळायचं कामही त्यांनीच घेतलं. ढवळायचं ते उजवीकडूनच, हा नियम प्रसन्नने सांगितलेला नव्हता. तो काकूंचा.

"वर वास येतो," सुशांत म्हणाला. "काल कॅशियर विचारत होता, साहेब, घरी गाय घेतली का?"

"हो म्हणावं," यशश्री म्हणाली. "म्हणजे कर्जाची फाइल घेऊन कुणी फार जवळ बसणार नाही."

पोंग्यावर तिने बॉलपेनने एक बारीक रेघ मारून ठेवली होती. रोज सकाळी दात घासायच्या आधी ती खाली जाई आणि रेघ शेजारच्या पानाच्या देठापासून किती वर आली ते बोटांनी मोजी. पाचव्या दिवशी तिथेच. दहाव्या दिवशी तिथेच. बाराव्या दिवशी तिला भास झाला, तेराव्या दिवशी कळलं की तो भास होता. चौदाव्या दिवशी काकू आधीच केळीपाशी उभ्या होत्या, हातात चष्मा.

"तुझी रेघ काहून दिसून नाही राहिली?"

यशश्रीने वाकून बघितलं. रेघ होती, पण दोन बोटं वर गेली होती. आणि सुरळीचं टोक किंचित सैल झालं होतं, आतला रंग कोवळ्या पोपटी कापडासारखा.

दोघी काही बोलल्या नाहीत. काकू आत गेल्या. संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर झाकण ठेवलेला ताकाचा पेला होता.

त्यानंतरचं सगळं हळूहळू झालं. दर पंधरा दिवसांनी बादलीतलं पाणी दहापट पातळ करून चरात. थंडी पडली, सकाळी धुक्यात समोरचं घर दिसेना, आणि केळ पुन्हा मंदावली. पण प्रसन्न म्हणाला, घाबरू नको, थंडीत तीही गोधडीत असते. रविवारी शुक्ला अम्मांच्या गच्चीवर शेणाच्या गोवऱ्यांवर कणकेचे जाड गक्कड भाजले जात, भरताची वांगी भाजली जात. ती राख अम्मा आता फेकत नव्हत्या. डब्यात भरून पाठवत. सोबत गक्कडही. "खाद भी भेजी है, खाना भी. अदला-बदली मत करना," असा निरोप असे. मोनालीचे सोळा गुरुवार झाले, परीक्षा झाली. निकालात तिचं नाव प्रतीक्षा यादीत लागलं, चौथ्या नंबरावर. ती सतराव्या गुरुवारीही आली. "तीन ही तो हैं दीदी, आगे," ती म्हणाली.

होळीच्या आधीच्या आठवड्यात केळीने एक आखूड, ताठ पान बाहेर काढलं. यशश्रीला ते कळलं. हे मात्र तिने बांधावरूनही पाहिलेलं होतं. या पानानंतर पान येत नाही. चार दिवसांनी मधोमध जांभळं, जड टोक डोकावलं आणि मान वाकवून बाहेर आलं. केळ निसवली होती.

त्या गुरुवारी गल्लीने अंगणात नुसती जत्रा केली. जांभळ्या पाकळ्यांखालून चार-पाच फण्या उघडल्या होत्या, बोटाएवढी केळी वर बघत होती. शुक्ला अम्मांनी त्यांच्यावर हळद शिंपडली. बुंध्याशी तीन पिल्लं फुटली होती. प्रसन्न दोन महिने ओरडत होता, एकच ठेव, बाकीची काढ. काकू कुणाला हात लावू देत नव्हत्या. यशश्रीला कारण माहीत होतं, म्हणून तीही बोलली नव्हती. पिल्लू घरोघर गेलं की गुरुवारही घरोघर होणार.

"एक बच्चा हमको दे दो, इंदू," अम्मा म्हणाल्या. "नाती ने गाड़ी बेच दी, आँगन खाली है."

काकूंनी आधी केळीकडे बघितलं. मग बादलीकडे बघितलं.

"ले जाओ," त्या म्हणाल्या. "मोनाली, तू भी ले जा एक. लेकिन गुरुवार को आना यहीं पड़ेगा सबको. बाल्टी एक ही है."

"और हिलानेवाली भी एक ही," अम्मा म्हणाल्या, आणि सगळ्याजणी हसल्या. काकूंनी सोळा कप चहा ओतला. कोपऱ्यावरच्या दोन नव्या बायका त्या दिवशी पहिल्यांदा आल्या होत्या.

संध्याकाळी यशश्रीने घडाचा फोटो प्रसन्नला पाठवला. वीस मिनिटांनी फोन आला.

"किती फण्या?"

"आत्ता पाच मोकळ्या झाल्या. अजून येतायत."

"घड जड होईल, बांबूचा टेकू दे."

"दिला. शुक्ला अम्मांच्या मांडवाचा बांबू."

"हं." आज मागे ट्रॅक्टर नव्हता. "आबांना फोटो दाखवला. आधी म्हणाले, कोणाची बाग? मी म्हटलं, ताईची. तर चष्मा लावून परत बघितला." मग घसा खाकरून तो म्हणाला, "ऐक ना. आबा म्हणतात, विहिरीजवळच्या दोन ओळींना तुझ्यासारखंच जीवामृत देऊन बघू. मी तुला सांगितलं ते नुसतं ऐकलेलं होतं. तू डाळ कोरडी दळून घालतेस की भिजवून? आणि गूळ किती? इथं गड्यांनी अंदाजानं घातलं आणि सगळं फसफसून वर आलं."

यशश्री गॅलरीत आली. खाली तिन्हीसांजेच्या उजेडात घड खाली मान घालून लोंबत होता, टेकूचा बांबू त्याच्यापेक्षा ताठ. काकू फाटकाशी कुणाशी तरी बोलत उभ्या होत्या.

"भिजवून," ती म्हणाली. "आणि वहीपेन घे, प्रसन्न. अंदाजानं नाही घालायचं. बागेतलं—" ती पुढचं बोलणार होती. दोन वर्षं जपून ठेवलेलं ते वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. पण पलीकडे कागद फडफडल्याचा आवाज आला. तो खरंच लिहून घ्यायला बसला होता.

"हां, बोल ताई. बागेतलं काय?"

"बागेतलीच माती घे मूठभर, म्हटलं. रस्त्याकडची नको."

"यशश्री!" खालून काकूंची हाक आली. "अगं, मी बोलत बसले आणि बादली ढवळायची राहिली! आता माझा हात नाही उठून राहिला, तू ये."

"थांब रे, दहा मिनिटांनी लावते," ती भावाला म्हणाली, आणि पदर खोचत जिना उतरली.